खंडेनवमीला मोडलेला बोल्ट

—मुद्दाम न्हाय मोडला, हनीफ. असा बघू नको माझ्याकडं. सगळ्या धाराशिवाला माहीत हाय की गोरोबा लोहार चेष्टेखोर हाय, म्हणून काय बोल्टसुद्धा चेष्टेनं मोडतो व्हय? चेष्टाच करायची तर म्या तुझ्या पेट्रोलच्या टाकीत बेडूक सोडला असता, हे असलं कंबरडं मोडायचं काम कशाला केलं असतं? ह्या बोल्टानं माझीच चेष्टा केली, ते बघ की. वाक इकडं. वाक, वाक, तुझी विजार न्हाय मळत. हा क्लच. ह्याच्यात ह्या चकत्या, एकीवर एक, दुरडीत भाकरी रचल्यावाणी. त्यांना दाबून धरायला चार स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांना धरायला चार बोल्ट. तीन निघाले गुमान. चौथा — कट्. डोकं माझ्या हातात आणि धड आत. पार आत, काठाच्या खाली. धरायला नखभर जागा न्हाय. धरू कशाला? दातानं धरू? दात तरी कुठं ऱ्हायलेत.

तीन स्प्रिंगांवर चालंल का म्हणतोस? चालंल की. चालंल वेशीपर्यंत. चकत्या तिरक्या बसतील, इंजन बोंबलंल आणि चाक म्हणंल मला काय माहीत न्हाय — आणि तुळजापूरच्या अलीकडल्या चढावर तू उतरून ढकलणार, आणि तुझी आई फटफटीच्या डब्यात बसून तुझ्या बापाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. मोकळी गाडी असती तर म्या म्हणलं असतं जा. पण ह्या फटफटीला जोडलाय डबा. म्याच जोडलाय, मोडक्या टांग्याची बैठक काढून, तुझ्या बापानं तवा नावं ठेवली व्हती, गोरोबा हे लग्नाच्या वरातीसारखं दिसतंय म्हणून. आणि डब्यात बसणार सकिनाबी. तुझी आई काय हलकी हाय? आत हाय व्हय ती अजून? ऐकलं न्हाय ना? न्हाय, ऐकायची न्हाय, आत दोघींचं भांडण चाललंय. माझी द्वारका वाटंला चटणी करून देतीय आणि तुझी आई ओरडतीय, 'अगे द्वारका, इत्ता लसून नक्को डाल.' जायच्या दिवशीबी लसणावरनं. चांगलं हाय. रडत बसण्यापरीस चांगलं.

घाई कळती रे मला. दिवस कलायच्या आत निघायचं, दिवस बुडायला हद्दीवरचा तामलवाडीचा नाका वलांडायचा, सोलापुरात मामाकडं मुक्काम आणि तिथनं मुंबई. आणि परत यायचं न्हाय. असंच म्हणलास न्हाय का सकाळी? दुकानात आलास, गाडी उभी केलीस, आणि म्हणलास, 'काका, क्लच करून द्या, आमी चाललो, परत यायचं न्हाय.' एखादं गिऱ्हाईक वायसर मागतं तसं म्हणलास. मी काय बोललो? मी म्हणलं, बस. म्हणलं, पाणी पी. दुसरं काय म्हणणार?

आणि काम काय वाईट केलं न्हाय म्या, हे ध्यानात ठेव. चकत्यांतली बुचं जळून कोळसा झालती. ह्या भोकाभोकांत बुचं असत्यात, त्यांच्यानं चकती चकतीला धरती. नवी कुठनं आणायची? सोलापूरशिवाय मिळत न्हाईत, आणि सोलापूरला जायला फटफटी पायजे, आणि फटफटीला बुचं पायजेत — हाय का न्हाय गंमत? मग म्या काय केलं, डाकबंगल्याच्या मागं साहेबलोकांनी फेकलेल्या बाटल्या हुडकल्या. विलायती दारूच्या. त्यांची बुचं विळीवर कापली, दगडावर घासली, बसवली एकेक. ही बघ. वास घे. घे की! आता तुझी आई, जिनं जन्मात दारूच्या दुकानासमोरनं पदर न घेता पाऊल टाकलं न्हाय, ती दारूच्या जिवावर सोलापूरला जाणार. सांगू नको तिला. तामलवाडी वलांडली की सांग — न्हाय, मुंबईत गेल्यावर सांग, आणि म्हणावं गोरोबानं सांगायला सांगितलंय.

हसला न्हाईस. तुझा बाप हसला असता.

तर बुचांचं सगळं झालं, राहिला ह्यो मोडका बोल्ट. तू म्हणशील, काका, तुमच्यासारख्या माणसाच्या हातनं असं कसं झालं? तर कसं झालं ते त्या कोपऱ्यात बघ. दिसतंय का? पाट मांडलाय. पाटावर काय हाय? माझा सगळा संसार हाय. हातोड्या, छिन्न्या, कानशी, गिरमिट, सगळे पाने, तुझ्या बापाचा पेचकससुद्धा — धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. भाता पाटावर मावत न्हाय म्हणून त्याला जाग्यावरच कुंकू लावलंय, बघ कसा नवऱ्यामुलावाणी दिसतोय. आज खंडेनवमी. आज हत्यारं देवाची. आज ज्यानं हत्यार उचललं त्याच्या हाताला वर्षभर यश न्हाय, असं माझा बाप म्हणायचा आणि त्याचा बाप म्हणायचा. उद्या दसरा, उद्या पूजा करून उचलायची. आणि द्वारकाला तू वळखतोस. नऊ दिवस उपास, अनवाणी, घटाला पाणी घातल्याबिगर तोंडात पाणी घालत न्हाय — ती मला हात लावू दील व्हय हत्यारांना? डोळे वटारून बसलीय. मी काय करू? मी बायकोच्या शब्दाभायेर न्हाय. हसतोस काय? न्हाय हसत. बरं.

मग राहिलं काय दुकानात? परक्याचं हत्यार पूजेत ठेवत न्हाईत. ज्याचं त्यानं पुजावं. म्हणून शांतलिंगआप्पांचा चरकाचा पाना तेवढा बाहेर राहिला. शांतलिंगआप्पा म्हणजे तेरचे, ते पोटवाले — चालायला लागले की आधी पोट दुकानात येतं, मग टोपी येती, मग आप्पा येत्यात — त्यांचा उसाचा चरक दुरुस्तीला आलाय, त्याच्याबरोबर ह्यो पाना. बघ केवढा हाय, माझ्या हाताएवढा. ह्याच्यानं चरकाच्या लाटा, ते ऊस पिळायचे रूळ, आवळत्यात, दोन गडी लोंबकळत्यात त्याला. आणि म्या तो लावला तुझ्या ह्या बोटाएवढ्या बोल्टाला. मुंगीला मुसळ! पयले तीन देवाच्या दयेनं निघाले, चौथा जरा गंजलेला व्हता, म्या नुसता हात ठेवला — नुसता ठेवला रे, जोर लावलाच न्हाय — तर कट्. त्या आवाजानं मला... जाऊ दे.

मग तू बघतोयसच की सकाळधरनं काय चाललंय. आधी घासलेट सोडलं, मुरू दिलं. गंज पिऊन बसला, हलला न्हाय. मग म्हणलं काठावर तिरकं ठोकावं, उलट्या अंगानं, हळूहळू, म्हणजे फिरत फिरत वर यील. पण ठोकायचं कशानं? छिन्नी पाटावर. मग हा खिळा घेतला, आणि हातोडीच्या जागी द्वारकाचा वरवंटा. वरवंटा! चाळीस गावांत माझ्या हाताचं लोखंड हाय आणि मी वरवंट्यानं खिळा ठोकतोय. पयल्या ठोक्याला खिळा वाकला. दुसऱ्याला निसटला, हे बघ, बोटाचं साल गेलं. तिसऱ्याला वरवंट्याचा टवका उडाला, आता ते भांडण येगळंच. त्यात ही माशी. हाकल ती माशी. सकाळधरनं त्याच बोल्टावर बसतीय, जशी काय तिनं तो विकत घेतलाय. अरे देवा रे, काय हा दिवस! एवढंसं लोखंड. एवढंसं! मी म्हातारा झालो असं कुणाला वाटंल. झालोय, पण म्हणून काय एका बोल्टानं —

कुणाकडनं आणावं म्हणतोस? गफारकडनं? गफारकडनं छिन्नी आणली असती रे, तो कल्हईवाला, त्याला कसली आलीय खंडेनवमी, दरवर्षी ह्या दिवशी मी त्याच्याच छिन्नीवर दिवस काढतो, आणि तो मला म्हणतो, 'तेरी देवी छुट्टी पो, और मेरी छिन्नी काम पो, इन्साफ हाय क्या गोरोबा?' पण तू येताना त्याचं दुकान बघितलं न्हाईस का? कडीला सुतळी बांधलीय. कुलूपसुद्धा न्हाय. परवा गेला. पोराबाळांसकट गेला. मला सांगितलं न्हाय. भिंतीला भिंत आमची, त्याच्या भट्टीचा धूर माझ्या नाकात, माझ्या ऐरणीचा आवाज त्याच्या कानात, आणि जाताना माझ्या दारावर एक थाप मारली न्हाय. का? मी काय केलं व्हतं? त्याच्या कल्हईच्या भांड्यात एकदा लिंबू पिळलं व्हतं, ते सोड. चेष्टा ती. त्याचा राग धरत न्हाय माणूस. मग का न सांगता? — म्या काय त्याला अडवलं असतं? — अडवलं असतं. व्हय, अडवलं असतं. म्हणूनच न्हाय सांगितलं बेण्यानं.

पण तू सांगितलंस. तू आलास, बसलास. म्हणून तुला बोलतोय. ऐक. मागल्या महिन्यात राज्य गेलं, निजामाचं. हिंदुस्थानची मिल्ट्री आली. बरं झालं का वाईट झालं हे शिकलेल्यांनी ठरवावं, मी उर्दू शाळेत अलीफ बे पुढं गेलो न्हाय, मास्तरच्या टोपीत खाजकुयली टाकली तवाच माझं शिक्षण संपलं. आमाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. गेल्या साली निजामाच्या माणसांनी खेड्यापाड्यांत काय केलं ते तूबी बघितलंस, मीबी बघितलंय. आणि मग ह्या महिन्यात दुसऱ्या बाजूनं जे झालं तेबी बघितलंय. आता थंड होत चाललंय की! पाणी गढूळ झालं की लगेच रांजण फोडत्यात व्हय? थांबायचं, खाली बसू द्यायचं. दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीपर्यंत थांबला असतास तर मी सोलापुरात जाऊन अस्सल बोल्ट आणला असता, चारीचे चारी, नवे कोरे. हा क्लच असा करून दिला असता की तुझ्या नातवाला पुरला असता. घाईचं काम असंच हुतं, मोडतं.

तुझा बाप गेला न्हाय कुठं. जैनोद्दीनला काय थोड्या जागांवरनं बोलावणं आलं? सोलापूरच्या गिरणीत शिकलेला फिटर, हैदराबादेला मोटारखान्यात घेत व्हते त्याला. न्हाय गेला. म्हणला, तिथं गोरोबा न्हाय, तर मोहरमात वाघ कोण व्हणार? मोहरमात वाघ मीच व्हायचो, आईनं नवस केलेला माझ्या जन्माचा. अंगाला पिवळं फासायचं, काळे पट्टे, शेपूट, आणि कमरेची साखळी तुझ्या बापाच्या हातात. एका साली दारोगा घोड्यावर बसून आलेला, मिशा अशा, रुबाब असा, आणि ह्यो जैनोद्दीन कानात म्हणतो, 'सोडू का साखळी?' म्हणलं, सोड! अशी झेप घेतली म्या घोड्यासमोर की घोडं गेलं कसाबगल्लीत आणि दारोगा राहिला गटारीत. दोन दिवस दोघं आत व्हतो. एकाच कोठडीत. माझं पिवळं निघालं न्हाय तिथं, पहारेकरी येऊन येऊन वाघ बघून जायचे. आणि तुझी आई डबा घेऊन आली आणि मला म्हणाली — ती काय म्हणाली ते तूच विचार तिला. तवापासनं ती मला भाऊजी म्हणत न्हाय, शेर म्हणती. आता तू तिला नेणार मुंबईला. मुंबईत तिला कोण हाय? तिथं ती कुणाला शिव्या घालणार? माणसाला शिव्या घालायला आपलं माणूस लागतं का न्हाय?

भ्यालास तू. हे खरं. कुणी काय करत न्हाय, मी हाय की! मी काय नुसताच हाय व्हय? तुला सांगतो, ऐक, आता हसशील. परवाच्या दिवशी चार जण आले दुकानात. आपल्या गावचे न्हवते. काठ्या व्हत्या. पाणी मागितलं, दिलं. मग त्यातला एक विचारतो, 'ती डबा जोडलेली फटफटी कुठं असती? तो करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई कुठं राहतो?' म्हणजे तू. म्या चेहरा असा केला — असा, देवळातल्या नंदीवाणी — आणि म्हणलं, अरारा, उशीर केलात पाव्हणं. त्यानं फटफटी इकली की! कुणाला? येरमाळ्याच्या माणसाला. नाव? नाव म्हाईत न्हाय, पण चकणा हाय, उजवा डोळा येडाईच्या देवळाकडं आणि डावा बार्शीकडं. आणि शिपाई? तोबी त्याच्याच मागं बसून गेला. — आणि गेले रे! चौघंबी गेले, येरमाळ्याला, चालत! नवरात्रातली येडाईची जत्रा, एवढी गर्दी, आणि हे चौघं एकेकाच्या डोळ्यांत वाकून बघत हिंडतायत! मी दिवसभर एकटाच हसत व्हतो. द्वारका म्हणाली येड लागलं ह्यांना.

हस की.

तू कुणाच्या केसाला धक्का लावला न्हाईस, मला ठाऊक हाय. नाक्यावर जकातीसाठी गाड्या अडवायचास ते सरकारचा हुकूम म्हणून, आणि म्हातारी माणसं असली की ताडपत्री न उचलताच सोडायचास, हेबी ठाऊक हाय. पण काय असतं हनीफ, लोकांना माणूस ध्यानात राहत न्हाय, आवाज ध्यानात राहतो. ज्याच्या गावात गंजी जळल्या, त्यानं तवा जाळणाऱ्यांच्या फटफटीचा आवाज ऐकलेला. आता कुठली फटफटी कुणाची, हे तो कुठं इचारत बसतोय? आख्ख्या तालुक्यात हिंडणाऱ्या फटफट्या किती? त्याला आवाज सापडला की माणूस सापडला. पण म्हणून काय झालं, म्या त्यांना धाडलं न्हाय का येरमाळ्याला? परत आले तर परत धाडीन, औशाला धाडीन, उमरग्याला धाडीन, पार बिदरला — काल म्या त्यातल्या एकाला म्हणलंच —

काय? न्हाय. काय न्हाय. काल काय न्हाय.

अरे सहज रे. काल बाजारात त्यातला एक दिसला. पान खात उभा व्हता, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. म्या आपलं मुद्दाम जाऊन विचारलं, काय पाव्हणं, गावला का चकणा? आता ह्याला माणूस हसतो का न्हाय? चिडला तरी हसतो, शिव्या देत हसतो. माझ्या चेष्टेला आजवर एवढे चिडले, दारोगासुद्धा नंतर हसला. तो हसला न्हाय, हनीफ. नुसता बघत राहिला माझ्याकडं. मग पान थुंकला आणि गल्लीत बघायला लागला. मी तिथनं आलो. तुला हे सांगायचं न्हवतं.

बस. उठलास का? बस खाली, उभा राहून बोल्ट निघत न्हाय. आईला हाक मारू नको, ती घाबरंल. मी काढतो की. काढतो म्हणलं ना! हा वरवंटा दे इकडं. दुसरा खिळा — खिळे कुठं गेले? सगळे वाकडे. सगळं वाकडं. काय हा दळभद्री दिवस, ह्या बोल्टाच्या —

काय गं द्वारका? तू का आलीस भायेर? हातात काय हाय ते? अगं, अगं, गिरमिट हाय ते, आणि जैनोद्दीनचा चौकोनी सुळा — अगं त्याला कुंकू हाय, फूल अडकलंय अजून, ठेव, ठेव जाग्यावर. नवमी हाय! — हनीफ, तू ऐकू नको तिचं, तिला उपासानं गरगरतंय. — असं म्हणू नको गं त्याच्यासमोर. — म्या कधी? — सकाळी? सकाळी तू आत व्हतीस — व्हय, पण —

बरं. बरं, ऐकलंस तू. ऐकायचं व्हतं तेवढं ऐकलंस. व्हय, म्हणली व्हती ती. सकाळी तू आलास, मी पाणी आणायला आत गेलो, तर तिनंच पाटावरचा पाना काढून माझ्या हातात दिला. म्हणली, ज्याच्या दारावर माणसं घिरट्या घालतायत त्याला कसली नवमी, देवीला सांगीन मी, उचला. आणि म्या तो परत पाटावर ठेवला. आणि भायेर येऊन तुला म्हणलं, द्वारका हात लावू देत न्हाय. बाई बिचारी, तिला हे म्हाईतबी न्हाय की सकाळधरनं तिच्या नावानं मी — आता म्हाईत झालं. बघ कशी बघतीय. जा गं आत. जा. चटणी करपंल. चटणी करपत न्हाय, म्हाईत हाय मला. जा.

तसं बघू नको. बोल्ट मुद्दाम न्हाय मोडला. जैनोद्दीनची आण घेऊन सांगतो, मुद्दाम न्हाय मोडला. पण चरकाचा पाना मुद्दाम घेतला. म्हणलं, भलताच पाना, जरा येळ लागंल. येळ लागला तर दिवस जाईल. दिवस गेला तर उद्या दसरा, दसऱ्याला सोनं घ्यायला सगळे येत्यात, सकिनाबी काय दसऱ्याच्या दिवशी सोनं घेतल्याबिगर जाती व्हय? मग परवा. मग पुढं. आणि बोल्ट मोडला तवा, कट् असा आवाज आला तवा, मला बरं वाटलं रे. असं बरं वाटलं, जसं कुणीतरी वरनं माझ्या बाजूनं बोललं. म्हणलं, आता जाऊ शकत न्हाईत. — आणि तो कालचा पानवाला मला म्हाईत व्हता. तो गल्लीच्या तोंडाशी उभा हाय हे म्हाईत असून मला बरं वाटलं. हसतोय कशाला मी? हसत न्हाय मी. तोंडच तसं हाय माझं.

धर. हा क्लच घट्ट धर, गुडघ्यानं. हलू देऊ नको.

हे असं. आधी मधोमध खूण. मग गिरमिट. सरळ धरायचं, जरा तिरकं गेलं की आटे खाल्ले आणि गाडी भंगारात. बघ कसं जातंय आत. लोण्यात गेल्यावाणी. सकाळीच झालं असतं. सकाळी झालं असतं तर आत्तापर्यंत तुमी तुळजापूर — बोलू नको मला, बोललं की हात हलतो. बोलतोय मीच व्हय? मग मला गप्प बस म्हण. म्हण की! कुणी न्हायच म्हणत गप्प बस.

भोक पडलं. आता हा सुळा. तुझ्या बापानं जुन्या कानशीचा घडवला, चौकोनी, टोकाला निमुळता, म्या पाणी दिलं त्याला. हा भोकात ठोकायचा, एक, दोन, बास. चार कोपरे रुततात आत. आता पाना लावायचा, आणि डावीकडं. हळू. जोरानं न्हाय. बाई रुसली असली की कसं, ओढायचं न्हाय, नुसतं धरून उभं राहायचं... थांब... थांब... हलला का? तू बघ, माझ्या डोळ्यांत कुंकू गेलंय. हलला? हलला! येतोय. बघ आला, बघ, आला की गांडुळावाणी फिरत फिरत! हा घे. हा एवढासा. एवढ्याशानं दिवस खाल्ला माझा. फेक तो. न्हाय, नको फेकू, न्हाय, फेक, फेक तिकडं पलीकडं.

नवा बोल्ट ह्या पाणी उपसायच्या इंजनाचा हाय, इंग्रजी आट्याचाच, जरा लांब हाय, म्हणून खाली एक वायसर जास्त घातलाय. बसला. स्प्रिंग. पुढची. आवळतोय सारखं, चारी एका मापानं. झाकण. झालं. एवढंच व्हतं. बघ, एवढंच काम व्हतं.

आण आईला. द्वारका, आण गं तिला. हळू, पाय वर घ्या सकिनाबी, डब्याची फळी कुजलीय, म्हणजे तुमच्यामुळं न्हाय, आधीच कुजलीय. घाला शिव्या, घाला. न्हाय? आज न्हाय घालत? बरं.

हनीफ, पाया पडू नको, फुकट येळ. तुमच्या गल्लीवरनं जाऊ नको. दर्ग्याच्या मागनं निघ, ओढ्यातनं, आणि तुळजापूरच्या रस्त्याला लाग. रस्ता लोकांनी भरलेला असंल, देवीला चालत निघालेली, त्यांच्या मधनंच जा, हळू जा. नाक्यावर थांबू नको. आणि ते चौघं परत आले तर त्याची फिकीर तू करू नको, ते माझ्याकडं लागलं. मी सांगतो त्यांना काहीतरी. सांगतो की... सांगतो, फटफटीवाला कुठला, तो तर... थांब, चांगलं सांगायला पायजे, पयल्यासारखं न्हाय चालायचं... म्हणतो, तो... फटफटी...

न्हाय सुचत.

काय बघतोस? न्हाय सुचत म्हणलं ना. निघ.